पडायचे दोन दिवस

वर्षाला वीस रजा.
पेन्सिलीनं कॅलेंडरवर मी त्यांचे तुकडे पाडतो,
भाकरीचे पाडावेत तसे:
पाच, पाच, पाच, पाच.
निरूपा खोडरबर घेऊन मागे उभी.

पिंपळझरीचं शाखा डाकघर म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली.
वजनकाटा, लोखंडी पेटी, शिक्का.
मी गेलो की उकंडा भोयर बदलीवर बसतो,
पण पाचच दिवस.
सहाव्या दिवशी त्याच्या पाठीत चमक निघते.

हे सगळं पंजाबनं सुरू केलं, निरूपाच्या भावानं.
औलीला असतो, सीमेवरच्या पोलिसात.
दिवाळीला आला तो फोनमध्ये बर्फ घेऊन:
पायांना लांब फळ्या, हातांत काठ्या,
आणि डोंगर असा पांढरा की जिनिंगातल्या गंजीची उपमा
मी तोंडातच गिळली.
आमच्याकडे ती कोणीही देतो.

पंजाब म्हणाला, "भाटवे, पह्यले दोन दिवस मानूस नुसता पडते.
तिसऱ्या दिवशी उभा राह्यते.
चौथ्या दिवशी पाय आपले होतात."

तेव्हापासून हिशेब बसत नाही.
पाच दिवसांची रजा. धामणगावहून दिल्ली, पुढे घाट,
जायला दोन, यायला दोन,
उरलेल्या एका दिवसात पडायचं
आणि पडलेलंच परत यायचं.
चारदा गेलो तर चारदा पडू.
उभं राहणं कोणत्याच रजेत येत नाही.

म्हणजे पाचाच्या सहली जवळच्याच:
चिखलदऱ्याचं धुकं, सालबर्डी,
नवेगावचे पक्षी, लोणारचं खारं पाणी.
वाईट काही नाही त्यात.
तरी मी म्हटलं, वीसच्या वीस एकदम घेऊ,
जन्मात एकदा उभं राहून बघू.

निरूपा म्हणाली, "एकदा गेलो तं एकदाच वापस येऊ.
चारदा गेलो तं चारदा.
मले वापस येनं आवडते.
कुलूप काढलं का घराचा जो बंद वास येते ना,
तो."

या वासापुढे माझी पेन्सिल थांबली.

भाऊबीज उलटून चार दिवस झाले असतील.
पंजाबनं संत्र्याच्या पेट्या मोडून फळ्या केल्या,
सायकलच्या ट्यूबचे पट्टे ठोकले,
काठ्या म्हणून चार तुराट्या,
आणि सकाळी सातला आम्हाला पाझर तलावाच्या पाळीवर चढवलं.
गवत दवानं निसरडं झालेलं.

मी दोनदा पडलो आणि बसून राहिलो.
निरूपानं पदर खोचला.
पडली. उठली. पडली.
शेषराव बकऱ्या घेऊन चालला होता, थांबून म्हणाला,
"मास्तरीनबाई, काई हरपलं काय?"
तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
सातव्यांदा पडली तेव्हा बांगडी फुटली,
ती काढून तिनं माझ्या खिशात टाकली.

आठव्यांदा
दहा-बारा हात ती सरळ गेली,
उभी,
हात पसरून,
चारचौघांत कधी न घेतलेलं माझं नाव
पाण्यापर्यंत ओरडत.

मग चिखलात बसकण.
श्वास लागला होता, केसांत कुसळं.
मी धावत पोचलो, तर बोटं मोजत होती.
म्हणाली, "दोन दिवस वाचले."

उकंडाकडे काल तिळाच्या तेलाची बाटली पोचवली,
पाठीसाठी.
निरूपा खिडक्या घट्ट लागतात का ते बघत फिरतेय,
इतक्या दिवसांचा वास
फटीतून जायला नको म्हणून.

माझ्यापुढे अर्ज.
दिवसांचा रकाना भरून झाला.
कारणाच्या रकान्यात आधी बर्फ लिहिलं,
मग तिच्याकडून खोडरबर मागून घेतलं,
आणि लिहिलं:
घरगुती.