चालवणे

मुलुंड कोर्ट, दुसरा मजला, मधला पंखा बंद.
एकोणीस वर्षं मी इथे दुसऱ्यांची वाक्यं टंकतो.
'मी शपथेवर सांगतो की',
आणि सांगणारा मी कधीच नसतो.

आज कलम एकशे पंचाऐंशी.
आरोपी श्रीरंग बांदिवडेकर, राहणार टेंभीपाडा, भांडुप.
साडूच्या पोराच्या हळदीला प्यायला: कबूल.
मशीनमध्ये फुंकलं, आकडा आला: तोही कबूल.
एकच शब्द कबूल नाही.

त्याचे वकील म्हणतात, इंजीन बंद होतं,
बॅटरी उतरलेली, किल्ली बायकोच्या पर्समध्ये.
जुनी ओम्नी, स्टिअरिंगचं लॉक कधीचंच मोडलेलं.
तो नुसता बसला होता, महोदय,
माणूस सोफ्यावर बसतो तसा.

सरकारी वकील बाई उठतात:
हात चाकावर, पाय ब्रेकवर, गाडी रस्त्यावर.
आणखी काय हवं, हॉर्न?

हवालदार घोंगडे सांगतात, गाडी चालली होती, मी पाहिली.
चालली होती, की चालवली होती?
घोंगडे टोपी या हातातून त्या हातात घेतात.
मधल्या एका 'व'वर
सहा महिन्यांची कैद टांगलेली.

माझे वडील स्टेशनरीचं दुकान चालवायचे.
म्हणजे काय करायचे?
संध्याकाळपर्यंत बसून राहायचे.
आणि आई, आहे त्यात चालवून घ्यायची.
हे अर्थात कोणी विचारलेलं नाही.

साक्षीदार क्रमांक चार, शालन श्रीरंग बांदिवडेकर.
दोन्ही तळवे पुढे करून दाखवते:
इथे, डिकीच्या पत्र्याला टेकवून ढकलली.
मला गाडी येत नाही, त्याला ढकलणं झेपलं नसतं.
म्हणून त्याला आत बसवलं.
घर मीच चालवते, म्हटलं हीसुद्धा जाईल गॅरेजपर्यंत.

व्यायामशाळेपर्यंत चढ होता?
होता.
नंतर?
नंतर मी हात काढले.
आणि गाडी?
गेली.
कोणी नेली?

ती नवऱ्याकडे बघत नाही,
वकिलांकडेही नाही.
'उतारानं,' म्हणते.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचं टेबल मोडलं.
सात शर्ट, एक पैठणी, इजा कोणाला नाही.
साहेब चष्मा काढून डोळे चोळतात
आणि मला म्हणतात, लिहा.
मी लिहितो: उतारानं.
त्या शब्दाचं वय, धंदा, राहण्याचं ठिकाण
विचारायची सोय फॉर्मवर नाही.

दोन्ही वकील परत उभे राहतात.
नियंत्रण म्हणजे काय, दिशा म्हणजे काय,
जुने निवाडे, खुणेच्या चिठ्ठ्या लावलेले.

माझ्या टेबलावरून आरोपीचा पिंजरा तिरका दिसतो.
दोन्ही हातांनी कठडा धरलाय त्यानं,
दहा वाजून दहा मिनिटं,
आणि उजवा पाय फरशीवर घट्ट दाबलेला,
ब्रेक असायला हवा होता तिथे.

कोणी बोललं नाही,
म्हणून ते नोंदीत नाही.