खोगीरभरती

माहुलच्या यार्डात बारा मीटरची पोलादी टाकी
दोन खोगिरांवर आडवी.
मधे रबराचं अस्तर, तीन मिलिमीटर.
बिल पाहून अकाउंट्सवाले हसले होते :
ही शब्दशः खोगीरभरती झाली की!

ऑफिसातून फोन : घर्षणांक किती धरलात?
हँडबुक म्हणतं, शून्य पूर्णांक दोन ते सहा.
म्हणजे पत्ता विचारावा
आणि कुणी सांगावं, इथून ठाण्यापर्यंत कुठेतरी.

खरा कमी निघाला, तर धक्क्यासरशी टाकी घसरेल.
जास्त निघाला, तर उन्हानं ती लांबेल,
अस्तर सोडणार नाही,
सगळा रेटा पायातल्या बोल्टांवर.
दोन्हीकडून भ्यायचं
आणि आकडा एकच लिहायचा.

वैतीमामा फिटर, ट्रॉम्बे कोळीवाड्यातले,
निवृत्तीला सात महिने.
म्हणाले, मॅडम, तिलाच विचारा ना.

फळीवर अस्तराची पट्टी चिकटवली,
तिच्यावर टाकीच्याच प्लेटचा तुकडा,
त्यावर वजनाला गिअरचं तुटकं चाक.
जॅकनं एक टोक उचलत गेलो,
दूध उतू जाईल म्हणून बघत राहावं तसं.
घसरली!
टेप लावा : उंची भागिले पाया.
शून्य पूर्णांक तेहेतीस.
पुन्हा. एकेचाळीस.
मग जेवणानंतर मामांचं बोट पट्टीला लागलं,
बांगड्याचं तेल,
आणि बावीस.

"बाप होडी वर ओढायचा
ओंडक्यांना असंच तेल फासून.
त्याला कुठला आकडा?
किती माणसं हाकारायची, तेवढं कळायचं.
भरती नुकती उतरली असेल तर सहा.
वाळू सुकली की अकरा,
आणि एक शिव्या द्यायला."

सकाळीच त्यांनी खडूनं रेघ मारली होती,
अर्धी टाकीवर, अर्धी खोगिरावर.
दोनच्या उन्हात आतून आवाज आला,
दुखऱ्या कुशीवर वळताना
कुणी दात आवळावेत तसा.
रेघ तुटली. चार मिलिमीटर.
रिफायनरीची ज्योत दिसू लागली
तेव्हा ती जुळत आली होती,
पुरती नाही. एक मिलिमीटर उरलाच.

रिपोर्टात मी दोन आकडे लिहिले,
एक घसरण्याचा, एक अडकण्याचा.
साहेब फोनवर वैतागले : नक्की कुठला?

मी फडकं घेऊन रेघेकडे वळले
तर मामा म्हणाले,
"राहू द्या ती.
उद्या कुठवर जाते बघू."