जाडी

द्वारका सर्कलमागचं तळघर, दुपारचे पावणेदोन.
गांगुर्डेबाई, मोहाडीच्या.
पट्टी खाली येते, आकडा उमटतो:
बावन्न मिलिमीटर.

'अजून थोडं दाबू?
जाडी कमी, तर किरणही कमी लागतात.'

दात आवळून उभ्या. मग एकदम,
'आमच्या बागेत तसंच की.
फेलफूट काढली, वेल मोकळा केला
की औषध कमी लागतं,
अन् आतल्या घडापर्यंत जातं.'

त्रेचाळीस.
श्वास धरा.

मशीन घुं करतं, थांबतं.
पडद्यावर डोस: एक पूर्णांक एक.
सकाळच्या बाईपेक्षा कमी.

रिपोर्टात हा आकडा येत नाही.
मी माझ्या वहीत लिहिते, पेन्सिलीनं.

खांदा चोळत त्या विचारतात,
'डावीकडंबी एवढंच दाबशील ना?
कमी नको करूस हां,
मला बघून.'