चार बोल्ट

माग विकला त्या दिवशी टेम्पोवाल्यानं
चार बोल्ट तेवढे जमिनीतच सोडले.
निघेनात. कापायला मशीन पाहिजे, म्हणाला,
आणि वडगावच्या बोळातून उलटा उलटा निघून गेला.
हे म्हणाले, ऱ्हाऊ दे की.
तसे ते राहिले दहा बाय बाराच्या खोलीत,
जिथं आता त्रिवेणी झोपणार होती, वय वर्षं सात.

आधी गुलाबी पाहिजे म्हणाली. मग नको म्हणाली.
खडेबाजारात शेडकार्ड उलगडून
बोट ठेवलं ते कच्च्या कैरीच्या रंगावर,
आणि किंमत कन्नडात विचारली,
मला कळू नये म्हणून.
मला कळते.

बोल्टांना लाल टोप्या रंगवल्या, वर पांढरे ठिपके:
चार अळंब्या.
मागाखाली अठरा वर्षं ठिबकलेल्या तेलाचा डाग,
सोडा झाला, रॉकेल झालं, विटेनं घासून झालं,
शेवटी त्याच्या कडेनं निळी रेघ ओढली. तळं.
तळ्यात बेडूक वैजूनं काढला, तो म्हशीसारखा दिसतो.
म्हैस तर म्हैस, त्रिवेणी म्हणाली,
म्हशीलाबी पाणी लागतंय की.

कांड्या भिंतीत ठोकल्या: फ्रॉक, दप्तर, पाण्याची बाटली.
धोटा उताणा टांगला, त्याच्या पोटात पेन्सिली.
उरल्या सुताचे गोंडे पडद्याला लावले.
त्यातला मोरपंखी शेवटच्या साडीतला.
ती साडी कुणी नेसली असेल,
हुबळीत की कुठं, माहीत नाही.

आणि जॅकार्डची पुठ्ठी.
रद्दीवाल्यानंही नेली नव्हती, नुसती भोकं म्हणाला.
हे उद्यमबागेतून सातला येतात, हाताला लोखंडाचा वास,
तसेच बसून सुतळीनं एकाला एक गोल शिवत गेले,
चार रात्री. आत झिरोचा बल्ब सोडला.
दिवा लावला तर छतावर सगळं आभाळ.

त्रिवेणीला चांदण्या दिसल्या.
मला वाचता येत होतं:
हा कोयरीचा देठ, ही कोयरी,
इथं मोर मान वळवतो.
हे स्टुलावरून उतरले, वर बघितलं,
म्हणाले, एक पुठ्ठं उलटं लागलंय. मोराची मान तुटली.
पोरीला काय कळतंय, मी म्हटलं.
त्यांनी सगळं उसवलं. परत शिवलं.

पहिली रात्र.
आई, झोप येईना झालीय.
उजेड डोळ्यावर येतोय?
नाही.
भ्या वाटूलंय?
नाही.
मग?
कायच आवाज नाही गं इथं.

मला ध्यानात यायला वेळ लागला.
हिचा पाळणा मागाच्या खांबाला बांधलेला असायचा.
वीज गेली, माग थांबला,
की ही दचकून उठायची आणि रडायची.

पूर्वेच्या भिंतीत एक खिडकी आहे,
पलीकडं हातभर बोळ, मग बसव्वाक्काचे दोन माग,
रात्री साडेदहापर्यंत चालतात.
पोरीला त्रास नको म्हणून मीच खिडकी लावून
वरून झाड चिकटवलं होतं, स्टिकरचं, पानापानांचं,
चारशे वीस रुपयांचं, खारीसकट.

ह्यांनी ब्लेड आणलं.
चौकटीच्या कडेकडेनं झाड कापलं, खिडकी ढकलली.
खटक-खटाक, खटक-खटाक,
सगळी खोली त्या आवाजानं भरली,
अळंब्या, म्हैस, दप्तर, सगळं.
बसव्वाक्का पलीकडून ओरडली,
याक, इन्नू मलगिल्लेनु?
ईग मलकोतीनि अज्जी, त्रिवेणी ओरडली,
आणि खरंच, मोराच्या मानेपर्यंतही पोचली नाही.

झाडाची खार खिडकीच्या दारावर राहिली आहे.
दार उघडलं की ती बसव्वाक्काकडं जाते,
सकाळी परत येते.

साडेदहाला माग थांबले.
दिवा मालवून येतो, असं म्हणून हे आत गेले.
एक बटण दाबायला
त्यांना अर्धा तास लागला.