दवबिंदू

कवितेत तो गवताच्या पात्यावर असतो म्हणे.
माझ्या वहीत तो आकडा आहे :
मुहर्रक, ऑगस्ट, रात्री साडेनऊ, एकोणतीस पॉइंट चार.
पत्रा त्याच्याहून तीन डिग्री तरी गरम हवा,
नाहीतर मी जहाजाला ब्रश लावू देत नाही.
गोदीत माझ्या पाठीमागे मला ‘तीन डिग्री’च म्हणतात.

आणि इथे बाथरूममध्ये, बनियनवर,
पडद्याच्या दांडीला तारेच्या हँगरने
टांगलंय मी एका गिटारचं धड.
मान काढलेली. तारा काढलेल्या.
पोटात दोन चौकोनी खड्डे.
शिबू दात घासायला आला, ब्रश तोंडात धरूनच म्हणाला,
चेट्टा, हे मटण कुणाचं?

रोडेलचं.
ब्लास्टिंगवाल्या रोडेलचं, ज्याला जूनमध्ये
कायमचं घरी पाठवलं कंपनीने.
माझे सतरा दिनार होते त्याच्याकडे.
सामान सात किलो जास्त भरत होतं,
तेव्हा त्याने ही भिंतीला टेकवली
आणि माझ्याकडे बघत राहिला.
फिटलं, असं मीच म्हणालो.

मला वाजवता येत नाही.
मला खराब रंग बघवत नाही, एवढंच.

वरून लाल होता, नेलपॉलिशसारखा.
हीटगनखाली पापडासारखा फुगला, सुटला. खाली निळा.
निळ्याखाली अस्तर, अस्तराखाली लांबी,
लांबीखाली तीन फळ्या चिकटवलेलं
कसलंतरी हलकं लाकूड.
ऐंशीचा काचकागद, मग एकशेवीस, मग दोनशेचाळीस.
नाकात, भुवयांत, शिबूच्या साबणावर भुसा.
सवयीने मी गेज टेकवलं.
गेज बोललं नाही. त्याला खाली लोखंड लागतं.
अठरा वर्षं ज्याच्या शब्दावर जहाजं परत पाठवली,
ते लाकडापुढे नुसतं डबडं.

एक गोष्ट रंग काढण्याआधीच दिसली होती मला.
वरच्या कडेला, वाजवणाऱ्याचं कोपर टेकतं तिथे
लाल नव्हता, निळा नव्हता, अस्तरही नव्हतं.
उघडं लाकूड, गुळगुळीत, जरा काळपट,
तळहाताएवढं.
कागद न लावता, हीटगन न लावता,
शुक्रवारमागून शुक्रवार, कॅम्पच्या जिन्यात बसून
नुसत्या कोपराने गेलेले सगळे थर.
(आमच्या रंगाची हमी पाच वर्षांची.
समुद्राविरुद्ध. कोपराविरुद्ध काही लिहिलेलं नाही.)
याला मी दोष म्हणतो. दुरुस्ती करावी, असं लिहितो.
केली.
आता सगळीकडे सारखं. कोपर कुठे होतं
ते मलाही सांगता येणार नाही.

लाकूड तीस. दवबिंदू एकोणतीस पॉइंट चार.
हे दुसऱ्या कुणी केलं असतं
तर त्याचा डबा मी उचलून नेला असता.
पण उद्यापासून रात्रपाळी,
आणि हातात लॅकर, हलवून हलवून गरम झालेला.
लाकूड दिसू दे म्हटलं, सरळ पारदर्शकच मारला.

पहिला हात.
थराला आपण हात म्हणतो,
हे रोडेलला सांगायचं राहिलंच.
त्याला आवडलं असतं, किंवा
त्याने फक्त मान हलवली असती, इंग्रजी संपल्यावर हलवायचा तशी.

दहा मिनिटांत दुधाळलं सगळं.
चहाच्या वाफेवर धरलेल्या चष्म्यासारखं.
माहीत होतं. तरी बघत बसलो कमोडच्या झाकणावर.

आणि मग वरच्या कडेला लॅकर मागे सरकू लागला.
आधी एक टिकली, मग चार, मग ती एकमेकींत मिसळली.
माशाचा डोळा म्हणतात याला आमच्यात :
खाली तेल असलं की रंग धरत नाही.
कातडीचं तेल, आत मुरलेलं,
दोनशेचाळीसच्या कागदाला न सापडलेलं.
तळहाताएवढी जागा, कोरडी, स्वच्छ.

वही काढली. दोष लिहिला. आकार लिहिला.
उपाय मला पाठ आहे, थिनरचं फडकं, पुन्हा कागद.
पेन उघडंच राहिलं.

शिबूने दार वाजवलं. पाचची बस त्याची.
मी धड हँगरसकट काढलं, ओलं, अंगाला लागू न देता,
आणि तो आंघोळ करून निघेपर्यंत
जिन्यात धरून उभा राहिलो.