पन्नासच्या आसपास

निजामपूरच्या उपकेंद्रात दुसरी पाळी.
पठारावरच्या काळ्या पाट्या
मावळतीकडे मान वळवून बसल्यात अजून.

दुपारी ऊन इतकं झालं
की कळव्याहून दीपनगरला निरोप गेला, दमानं घ्या.
कोळशाला दमानं घेणं जमत नाही पटकन,
तापायला वेळ, निवायला वेळ,
आमच्या मोठ्या काकांच्या रागासारखं.

आता सहा चाळीस.
पडद्यावर सूर्य जिना उतरतोय:
एकशे दहा. चौसष्ट. एकवीस.
आणि नेमकं आत्ताच
साक्री, पिंपळनेर, दोंडाईचा
बटणं दाबतात. दिवे, कूलर,
दळण टाकून गप्पा मारत उभ्या असलेल्या बाया.

वारा नाही. चैत्रात नसतोच.

एकोणपन्नास पूर्णांक एक्क्याण्णव.
अठ्ठ्याऐंशी.
(मलाही पन्नासला अकरा महिने कमी.)
"कुवर मॅडम, तुमच्याकडे काय?"
"पवनचक्क्या शून्य, सर. शून्यच."

भाकरी उरली तर सकाळी कुस्करून फोडणीला घालता येते.
वीज शिळी राहत नाही.
जेवढी रांधली तेवढी त्याच क्षणी वाढायची,
पंगत किती, ते पानं मांडल्यावर कळणार.

आषाढात याच्या उलट.
वारा दारं उपटतो, सगळी पाती गरगरतात,
आणि मी ब्राह्मणवेलच्या अंगाला फोन लावते:
हिलालभाऊ, सात चक्क्या थांबवा, वरून सांगितलंय.
"वारा ते मोप शे ताई, मंग बंद कसाले?"
मी तारांची क्षमता समजावते.
तो ऐकून घेतो. म्हणतो, "बरं."
त्या बरं-चा मला आठवडाभर त्रास होतो.

सात दहा.
कुठे तरी कोयनेचं पाणी सोडलं असेल,
कुठे तरी कोळसा अखेर तापला असेल.
सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव.
नोंदवहीत लिहिते: स्थिती सामान्य.
मग पेन हातातच राहतं.

साडेनऊला फोन. हिलालभाऊ.
"ताई, पातं हालनं."
मी पडद्याकडे बघते.
अजून शून्यच आहे.
थांबते.
त्याला नेहमी दोन मिनिटं आधी कळतं.