दोन अक्षरांच्या जागेत तीन

जिगीषा अमीनचा थिसिस मी टाइप केला तेव्हा
पानाला साठ पैसे मिळत,
आणि दांडिया बाजारातल्या जिन्याखालच्या माझ्या खोलीत
टाइपरायटर आणि मी, तिसरं कुणी मावत नसे.
विषय : विश्वामित्रीतल्या मगरी.
दोन वर्षं ती पोर पुलांवर उभी राहून मगरी मोजत होती.
वह्यांना अजून चिखलाचा वास.

दोनशे चौदा पानं झाली, बाइंडिंगला निघाली,
तर सबनीस सरांनी लाल शाईनं गोल केले.
एकसष्ट गोल.
प्रत्येकात चूक तीच : डेटा इज.
डेटा आर हवं, म्हणाले, डेटा अनेकवचन आहे.
एकच असेल तर डेटम.
लॅटिनमध्ये त्याचा अर्थ, दिलेलं.

सर बरोबरच असणार.
पण सरांनी कधी इज खोडून
तिथं आर बसवलेलं नाही.
इजला अक्षरं दोन, आरला तीन.
पांढरा द्राव लावायचा, फुंकर घालायची,
कॅरेज बोटानं अर्धं घर मागे धरून ठेवायचं
आणि दोघांच्या बाकावर तिघांना बसवायचं.
अनेकवचनाला जागा जास्त लागते,
हे व्याकरणात कुणी लिहीत नाही.

अठ्ठेचाळिसाव्या गोलावर हात थांबला.

आमच्या घरात वडील एकच,
तरी ते आले, जेवले, रागावले.
अनेकवचनात चपला काढत, अनेकवचनात घोरत.
आई मात्र आली, गेली,
चार वाजता उठली, नळाच्या रांगेत उभी राहिली,
तेवीस वर्षं लोकांचे परकर-पोलकी शिवत मशीनवर वाकली.
चार जणींचं काम,
क्रियापद एकीचं.

सासरी गेले, तिथं शब्द तोच :
आई आल्या. आईंनी विचारलंय.
आपण किती जणी आहोत
हे सासूबाईंनी कधी मोजलं नसावं.

जिगीषाला विचारलं, तुमच्यात कसं गं?
ती वही मिटत म्हणाली, अमारे तो बा आव्यां.
शेवटी एक अनुस्वार, आदराचा.
भिंतीपलीकडे रोज ऐकत होते मी तो,
ऐकून सोडून देत होते.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी
समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलं :
डेटा इज हल्ली चालतं.
सबनीस सर त्या दिवशी चहा न घेता गेले.
एकसष्ट दुरुस्त्यांचे पैसे मी मागितले नाहीत.
जिगीषानं एक डझन केळी आणून दिली.

नंतर आई गेली.
पेपरात द्यायचा मजकूर मीच टाइप केला,
शब्दावर दर होता, म्हणून मोजून.
श्रीमती कृष्णाबाई रामचंद्र फणसे यांचे...
यांचे.
बोट त्या अक्षरावर तसंच राहिलं.
एका ओळीपुरती अनेकवचनी झाली,
तीही अशी ओळ, जी तिला वाचता येणार नव्हती.
भावाला म्हटलं, तिचे असं लिहू?
तो म्हणाला, लोक काय म्हणतील.

परवा नातू म्हणाला, आजी, डेटा संपला.
एकवचनात संपला, पुल्लिंगी.
रिचार्जला पैसे दिले,
आणि कपाटाच्या तळातून थिसिसची कार्बन कॉपी काढली.
शाई जांभळी, पुसट.
पान एकशे तीस. सरांचा गोल इथं नाही.
सहा जून, पहाटे पावणेसहा,
काळ्या घोड्याजवळच्या पुलाखाली
मगर, मादी, एक.
जबड्यात पिल्लं.
मोजता आली नाहीत.